तळपायाची आग, काशाची वाटी आणि शुगरची गोळी

पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसला आमच्या आत्याबाई राहतात. उभा जन्म दुसऱ्याच्या रानात कापूस वेचण्यात गेला. दहा वर्षांपासून शुगर आहे आणि दोन वर्षांपासून रात्र झाली की तळपायांची आग होते. "मिरची भरल्यागत होतंय," असे त्या सांगतात. मागे आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या उशाशी काशाची वाटी आणि लाकडी दांडी दिसली. एका फिरत्या विक्रेत्याने दिलेली. वाटी वाजवून नाद ऐकला की शिरा मोकळ्या होतात म्हणे!

"आत्याबाई, गोळी घेतली का?"

"वाटी वाजवल्यावर गोळी कशाला लागती रे?"

आम्हाला धसका बसला तो या उत्तराचा. वाटीचा नव्हे. वाटीने त्यांचा डोळा लागत होता, हे घरातले सगळेच सांगत होते.

रक्तात साखर वाढून राहिली की पायांच्या बारीक नसा खराब होतात. जखम नसतानाही त्या मेंदूला आगीचा निरोप धाडतात. रात्री सगळे शांत होते, तेव्हा लक्ष पायांवरच जाते. अशा वेळी कानाला काही गोड मिळाले तर मन तिकडे वळते. 2006 साली कोक्रेन संस्थेने 51 प्रयोग एकत्र तपासले. पुष्कळसे शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्याचे होते. संगीताने दुखणे कमी होते, पण थोडेच, असे त्यातून निघाले. 2022 साली शास्त्रज्ञांनी पंजा सुजलेल्या उंदरांना आवाज ऐकवला. भोवतालच्या आवाजापेक्षा जरासाच मोठा आवाज असला की त्यांची वेदना कमी झाली. म्हणजे नाद हळू हवा. (जयंतीच्या डीजेने कुणाचे पाय दुखायचे थांबल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही.)

बाबासाहेबांनाही मधुमेह होता, नसांचा दाह होता, पाय फार दुखत. उतारवयात त्यांनी व्हायोलिन शिकायला घेतले होते. 5 डिसेंबर 1956 च्या रात्री दिल्लीला अलीपूर रोडवरच्या घरी नानकचंद रत्तू त्यांचे पाय चेपत होते, तेव्हा बाबासाहेबांनी त्रिसरणाची तबकडी लावायला सांगितली आणि स्वतःही गुणगुणत राहिले. पण औषधेही त्यांची चालूच असत.

नाद खराब झालेली नस दुरुस्त करीत नाही. शिवाय याच रोगात आगीबरोबर पायाची जाणीवही मरते. काटा रुतलेला कळत नाही, ऊन पाण्याने भाजलेले कळत नाही, आणि त्या जखमेपायी बोट कापण्याची पाळी येते. म्हणून रानात अनवाणी जाऊ नये. पाणी किती ऊन आहे ते कोपराने बघावे. रोज रात्री तळवे उजेडात धरून पाहावेत, आपल्याला दिसत नसतील तर सुनेला, नातवाला दाखवावेत. नसांच्या आगीवर वेगळ्या गोळ्या मिळतात; त्या साध्या दुखण्याच्या गोळ्या नव्हेत, डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. बी-12 जीवनसत्त्व कमी असले तरी अशीच आग होते, तेही तपासून घ्यावे.

हे सारे आत्याबाईंना समजावून सांगायला आम्हाला एक दुपार लागली. वाटी सोडायला त्या तयार नव्हत्या, आणि आम्हीही तसा आग्रह धरला नाही. गोळ्यांची पट्टी आता त्या वाटीतच ठेवतात. वाजवायची झाली की आधी पट्टी बाहेर काढावी लागते.