पश्चिमेकडे निघालेला तांडा

न्यूयॉर्कच्या क्रायटेरियन थिएटरात १६ मार्च १९२३ रोजी ‘द कव्हर्ड वॅगन’ झळकला, तेव्हा घोडदौड आणि गोळीबाराचे मूकपट अमेरिकेत पैशाला पासरी मिळत होते. दिग्दर्शक जेम्स क्रूझ यांनी हा विषय त्या ठरीव साच्यातून बाहेर काढला. एमर्सन हफ यांच्या कादंबरीतली नायक, नायिका आणि खलनायकाची कथा त्यांनी ठेवली. पण पडदा व्यापला तो बिऱ्हाडबाजल्यासह निघालेल्या माणसांच्या तांड्याने.

कथा १८४८ सालची. मिसूरी नदीकाठच्या वेस्टपोर्टहून कापडी छताच्या गाड्या ओरेगॉनकडे निघतात. वाट सुमारे ३,२०० किलोमीटरची, चार ते सहा महिन्यांची. गाडीत पीठ, अंथरूण, अवजारे आणि नांगर. वाटेत मरण येते, जन्मही होतो. पुढे कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची खबर येऊन थडकते आणि तांडा फुटतो. सोन्याच्या मागे लागलेले नांगर टाकून फावडी उचलतात. शेतीची आस धरलेले ओरेगॉनची वाट सोडत नाहीत.

चित्रीकरण झाले ते नेवाडा आणि युटाच्या सीमेवरच्या स्नेक व्हॅलीत. रेल्वेपासून लांब, उघड्या माळावर तंबूंची वसाहतच उभी राहिली. तिथली थंडी, चिखल आणि बर्फ खरे होते. कॅमेरामन कार्ल ब्राउन यांनी मैदानावर लांबवर पसरलेली गाड्यांची रांग दुरून टिपली. या दृश्यांत माणूस ठिपक्याएवढा दिसतो, आणि प्रवासाचा आवाका एका नजरेत कळतो. नदी ओलांडण्याच्या प्रसंगात गाड्या पाण्यावर तरंगतात आणि जनावरे जिवाच्या आकांताने पोहतात. काउबॉयपटांचे जुने नायक विल्यम हार्ट यांनी या दृश्यावर नेमके बोट ठेवले: मानेवर जू तसेच ठेवून बैल नदीत घालणारा गाडीवान त्या वाटेवर टिकलाच नसता. बैल राखलेल्या कुणालाही हा आक्षेप पटेल.

चित्रपटातले मूळ रहिवासीही सोंगे घेतलेले गोरे नट नव्हते. वायोमिंगच्या विंड रिव्हर राखीव प्रदेशातून अरापाहो आणि शोशोनी लोकांना त्यांचे दुभाषे टिम मॅकॉय घेऊन आले. मॅकॉय यांना खुणांची भाषा अवगत होती. पुढे हॉलिवूडच्या इजिप्शियन थिएटरात आणि लंडनमध्येही चित्रपटापूर्वी अरापाहो मंडळी रंगमंचावर येत, हातांच्या खुणांनी आपल्या आठवणी सांगत आणि मॅकॉय त्या प्रेक्षकांना समजावत. वायोमिंगच्या या अरापाहोंना १८७८ साली विंड रिव्हरवर आणून बसवले होते. म्हणजे ज्यांची कुरणे या गाड्यांच्या वाटेवर गेली, त्यांच्यापैकीच काही जण त्या गाड्यांवर पुन्हा हल्ला करण्याचा अभिनय करत होते.

तरी कथा गोऱ्या वसाहतकऱ्यांचीच राहिली. हल्ला करणारे कुठून येतात ते दिसते. त्यांचे काय गेले, ते फारसे दिसत नाही. अपवाद एका प्रसंगाचा. मूळ रहिवाशांची बैठक भरते आणि समोर असतो एक नांगर. हे हत्यार रानगवे गाडून टाकील, जंगले उपटील, अशी भीती तिथे बोलून दाखवली जाते. ती भीती खोटी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोट्यवधी गव्यांमधले जेमतेम काही शेकडे उरले होते.

या चित्रपटाला अफाट यश मिळाले. पाठोपाठ १९२४ साली जॉन फोर्ड यांचा ‘द आयर्न हॉर्स’ आणि १९२५ साली हार्ट यांचा ‘टम्बलवीड्स’ आले. पश्चिमेची कथा आता इतिहासाच्या मापाने सांगितली जाऊ लागली.

‘द कव्हर्ड वॅगन’वरचा स्वामित्वहक्क अमेरिकेत २०१९ साली संपला. त्यातली प्रेमकथा आज फिकी वाटते, पण चित्रपट जरूर पाहावा. वसाहतकऱ्यांचे कष्ट खरे होते, आणि त्या कष्टांची किंमत दुसऱ्यांनी आपल्या जमिनीने मोजली हेही तितकेच खरे. नांगराचा तो एक प्रसंग लक्षात ठेवून पाहिले, तर हे दोन्ही इतिहास एकाच पडद्यावर वाचता येतात.