एक सतरा अंकी संख्या

जबलपूरजवळ बरगी येथे नर्मदेला बांध घालून जो विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला, त्याची साठवणक्षमता सुमारे ३९२ कोटी घनमीटर सांगतात. सरकारी दप्तरातील आम्हां मंडळींना अशा आकड्यांची सवय असते. त्यांच्या शेवटी येणारी शून्ये केवळ अंदाजाची असतात. त्या जागी खरा अंक कोणता, हे कोणी विचारीत नाही. आज मात्र मी अशा एका मोठ्या संख्येविषयी बोलणार आहे, की जिच्यातील प्रत्येक अंक आपल्या जागी का बसला, हे सांगता येते.

ती संख्या म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१. नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या संख्येचा हा वर्ग होय. श्रोत्यांनी गुणाकार मांडून पाहावा. एकाखाली एक अशा नऊ ओळी येतात आणि प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकते. उजवीकडच्या पहिल्या स्तंभात एकच एक, दुसऱ्यात दोन, असे चढत मधल्या स्तंभात नऊ एक जमतात आणि मग उतरण लागते. हातचा कोठेही घ्यावा लागत नाही; सौंदर्याचे रहस्य एवढेच. दहा एकांचा वर्ग केला, की मधल्या स्तंभात दहा जमतात, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे मोडते.

अशा संख्यांना ‘डेमलो’ हे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. आजच्या डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून ते घेतलेले आहे. कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीला शाळाशिक्षक होते. आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्येला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले. आपल्या संख्येतील अंकांची बेरीज ८१. नऊ एकांची संख्या नवाने भागली जाते, म्हणून तिचा वर्ग ८१ ने भागला जाणारच, भागाकार १५२४१५७८९९७१०४१. तेव्हा ही संख्याही हर्षदच ठरते.

अनेक विद्वानांना हा सारा अंकांचा खेळ वाटला. त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता: आपण दहाच्या पटीत लिहितो, म्हणून हे घडते, संख्येच्या अंगचा तो गुण नव्हे. परंतु आठाच्या पटीत लिहिले, तर सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असाच येतो. लेखनपद्धती बदलली, तरी हातच्याचे कारण टिकते. जे कारण टिकते, त्याला गणित म्हणावयास हरकत कोणती?

१९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये मार्टिन गार्डनर यांनी लिहिल्यावर कापरेकरांचे नाव जगभर झाले, १९८६ साली ते निवर्तले. श्रोत्यांनी अकरा एकांचा वर्ग स्वतः करावा आणि हातचा कोठून निघून कोठे थांबतो, तेवढे पाहावे.