पेत्राची बोली आणि आपले विद्यार्थी

मुख्य याजकाच्या वाड्याच्या अंगणात पेत्र ओळखला गेला तो त्याच्या गालीली बोलीवरून (मत्तय २६:७३). त्याच्या नाकारण्यावर आपण पुष्कळ प्रवचने करतो. भोवती उभ्या असलेल्यांच्या कानांविषयी मात्र फारसे बोलत नाही. शास्ते १२ मध्ये तर एका अक्षराच्या उच्चारावरून बेचाळीस हजार माणसे मारली गेल्याचे सांगितले आहे. बोली हे माणसाला हेरण्याचे साधन फार पूर्वीपासून आहे.

सिल्वासाच्या परिसरात सेवा करणाऱ्यांना हा विषय परका नाही. दादरा व नगर हवेलीत २०११ च्या जनगणनेनुसार निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. वारली किंवा कोकणा मुलाची घरची बोली एक, शाळेची भाषा मराठी वा गुजराती, बाजारात हिंदी. आणि महाविद्यालयात शिरताच इंग्रजी. येथे २०१९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. कारखान्यांमुळे देशभरातील कुटुंबे इथे वसली असल्याने एका बाकावर चार प्रांतांची मुले बसतात. तेथे 'गंमत' म्हणून केलेली नक्कल कोणाला किती लागते, हे नक्कल करणाऱ्याला कळतेच असे नाही.

मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आपले जीवन संपविले. त्या तडवी भिल्ल समाजातील होत्या. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातिवाचक बोलून छळ केला, असा कुटुंबीयांचा आरोप आहे. त्याचा निर्णय न्यायालयाने करावयाचा आहे, आपण नव्हे. परंतु तो आरोप प्रामुख्याने शब्दांचा व वागणुकीचा आहे, हे आपण ध्यानात घ्यावे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार नव्या विद्यार्थ्याशी शब्दांनी केलेले उद्धट वर्तनही रॅगिंग ठरते. २०१६ च्या दुरुस्तीने जात, धर्म, प्रदेश, भाषा, जन्मस्थान यांवरून केलेला छळ त्यात स्पष्टपणे घातला. तथापि कायदा हलतो तो तक्रारीनंतर, आणि घरातून प्रथमच महाविद्यालयात गेलेला मुलगा सहसा तक्रार करीत नाही.

येथे शिष्टाचार आणि आदर यांतील भेद पाहिला पाहिजे. रोम १२:१० मध्ये एकमेकांना मान देण्याविषयी जो ग्रीक शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ 'किंमत' असाही होतो. गोड बोलूनही समोरच्याची किंमत शून्य धरता येते. याकोब (३:९) याच विसंगतीवर बोट ठेवतो: ज्या जिभेने देवाचे स्तवन, तिनेच त्याच्या प्रतिरूपाची निंदा. आणि प्रभूने (मत्तय ५:२२) अपमानाचा शब्द खुनाच्या आज्ञेच्या विवेचनातच घेतला, हे आपल्या युवक-मेळाव्यांत क्वचितच सांगितले जाते. नक्कल करणाऱ्यांत आपलीही मुले असतात! उपासनेत एखाद्या पाड्यावरचा भाऊ आपल्या हेलात शास्त्रपाठ वाचू लागला की मागच्या रांगेत होणारी खसखस आपण सर्वांनी ऐकली आहे.

म्हणून वसतिगृहास भेट देताना केवळ 'अभ्यास कसा चालला आहे' असे विचारून परतू नये. 'तुला तेथे कोणत्या नावाने हाक मारतात?' असे विचारावे, आणि उत्तराची वाट पाहावी. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी व पालक या दोघांनाही रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. पुष्कळ पालक ते न समजताच सही किंवा अंगठा करतात. धर्मशिक्षकाने त्या दिवशी त्यांच्यासोबत बसून त्यातील प्रत्येक कलम त्यांच्याच बोलीत सांगावे, आणि १८००-१८०-५५२२ हा मदतीचा निःशुल्क क्रमांक घरात दिसेल अशा जागी लिहून ठेवावयास सांगावे.