पूजेतली खारीक येते कुठून?

सत्यनारायण असो की मंगळागौर, सामान आणायला आपण रुवीच्या दुकानात जातो आणि सुपारी, हळकुंडे, बदाम यांच्याबरोबर खारकेचे पाकीटही घेतो. पॅकिंग बहुधा मुंबईचे. पण आतली खारीक मस्कतहून दोन-अडीच तासांवरच्या शर्किया भागातली असू शकते, मुंबईची वारी करून आलेली!

जुलैच्या सुमारास बिदिया, मुदैबीकडे तब्सीलचा हंगाम असतो. मब्सली जातीचा खजूर पिवळा झाला की उतरवतात, मोठाल्या कढयांत उकडतात आणि उन्हात पसरून खडखडीत वाळवतात. जळण खजुराच्याच वाळक्या झावळ्यांचे. या तयार मालाला इथे बुसूर म्हणतात. तीच आपली खारीक. ओमानी घरात पाहुण्यापुढे ठेवतात तो खजूर वेगळा. हा माल मुख्यतः आपल्यासाठीच, कारण बाळंतिणीच्या लाडवापासून ओटीपर्यंत खारीक लागते ती भारतात.

आणि मेख नेमकी इथेच आहे. घरचे गिऱ्हाईक नाही, म्हणजे भाव ठरणार परक्या बाजारात. तिथे गाठ पडते सिंधमधल्या खैरपूर-सक्करच्या खारकेशी. ती वाघा-अटारीच्या रस्त्याने ट्रक भरून भारतात यायची. फेब्रुवारी 2019 मध्ये, पुलवामानंतर, भारताने पाकिस्तानी मालावर 200 टक्के जकात बसवली. आता ओमानी शेतकऱ्याचे फावणार असे कोणालाही वाटेल. पण तो माल दुबईमार्गे, दुसऱ्या देशाच्या नावावर येऊ लागला. मे 2025 मध्ये तिसऱ्या देशातून येणाऱ्या पाकिस्तानी मालावरही बंदी आली, तरी पुढच्या महिन्यात न्हावा-शेवा बंदरात अशा खारकेचे कंटेनर पकडले गेलेच. बिदियाच्या बागवानाने फलजचे पाणी वेळेवर दिले, झाड निगुतीने राखले, तरी त्याचे वर्ष कसे जाणार ते ठरते असे दूर कुठेतरी.

ओमानने हे एकदा भोगले आहे. 1840 साली ‘सुलताना’ हे जहाज मस्कतचा खजूर घेऊन न्यूयॉर्कला पोचले. पुढे समाईल खोऱ्यातल्या फर्द खजुराची अमेरिकेला गोडी लागली, बागा वाढल्या. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन कृषिखात्याने अरब देशांतून खजुराचे फुटवे नेऊन कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात लावले. ती झाडे फळाला आली आणि मस्कतचे ते गिऱ्हाईक तुटले. आज मस्कतच्या मॉलमध्ये परदेशी मेडजूलचे चकचकीत खोके मांडलेले असतात आणि (खोटे कशाला बोला!) दिवाळीला आपणही तेच उचलतो.

खारकेचे तसे होऊ नये असे आम्हाला मनापासून वाटते. आपल्या चार पाकिटांनी बाजार हलणार नाही, हेही कळते. तरी यंदाच्या हळदीकुंकवाची खारीक आम्ही सिनावच्या बाजारात शोधायला जाणार आहोत. कोणाच्या गाडीत जागा असेल तर जरूर कळवा.