प्रतिकृती विमानाचा आकार आणि हवाई नियंत्रण : अधांतरी स्थिरावणे व हवाई कसरती यांचे भौतिकशास्त्रीय विवेचन

सारांश

रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती विमान अधांतरी स्थिर ठेवणे व त्याच्याकडून हवाई कसरती करून घेणे, या दोन्ही गोष्टी विमानाच्या लहानमोठेपणाशी निगडित आहेत. विमान मोठे होते तसा चालकाला विचार व कृती करण्यास मिळणारा अवधी वाढतो. मात्र तो लांबीच्या केवळ वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्याच वेळी अपघातातील ऊर्जा लांबीच्या चौथ्या घाताने वाढते. महाविद्यालयीन उपक्रमासाठी विमान निवडताना या दोहोंचा मेळ कसा घालावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : प्रतिकृती विमान, प्रमाणबदलाचे नियम, जडत्व आघूर्ण, हॉवरिंग, प्रतिक्रिया काळ.

१. प्रस्तावना

राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत एअरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचा भाग आहे आणि अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धाही होतात. अलीकडच्या काळात हा विषय छात्रसेनेपुरता मर्यादित राहिलेला नाही. शेतीतील फवारणी, छायाचित्रण व भूमापन यांसाठी ड्रोनचा वापर वाढल्यामुळे वऱ्हाडातील विज्ञान शाखेचे विद्यार्थीही उडणारी यंत्रे स्वतः बनवू लागले आहेत.

प्रस्तुत लेखकाच्या विद्यार्थ्यांनी अशाच उत्साहात फोमच्या पत्र्यापासून साठ सेंटिमीटर पंखविस्ताराचे, दीडशे ग्रॅम वजनाचे विमान तयार केले. खर्च कमी यावा आणि पडले तरी नुकसान होऊ नये, हा त्यामागील हिशेब. विमान सरळ उडाले. परंतु नाक आकाशाकडे करून अधांतरी उभे करू जाताच ते प्रत्येक वेळी कलंडले. “सर, मोटार कमी पडून राह्यली,” असे विद्यार्थ्यांचे निदान होते व लेखकालाही ते पटले. अधिक शक्तीची मोटार बसविली, वजन वाढले आणि विमान पूर्वीपेक्षा लवकर मोडले. नंतर पहिल्याच मोटारीचा रेटा ताणकाट्यावर मोजून पाहिला, तेव्हा तो मूळ विमानाच्या वजनाच्या दीडपटीहून अधिक भरला. दोष मोटारीचा नव्हता. तो कशाचा होता, या प्रश्नातून प्रस्तुत विवेचन उभे राहिले आहे.

येथे ‘आकार’ हा शब्द घडण या अर्थाने नव्हे, तर लहानमोठेपणा या अर्थाने योजिला आहे.

२. प्रमाणबदलाचे मूलतत्त्व

एखादी वस्तू सर्व बाजूंनी दुप्पट केली असता तिचे क्षेत्रफळ चौपट व घनफळ आठपट होते. गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्राण्यांच्या हाडांच्या संदर्भात या तत्त्वाची चर्चा केली आहे. पुढे १८७० च्या दशकात विल्यम फ्रूड यांनी जहाजांच्या लहान प्रतिकृती पाण्याच्या टाकीत ओढून, प्रतिकृती व मूळ जहाज यांच्या वेगांचा संबंध लांबीच्या वर्गमुळाशी असतो, हे दाखवून दिले. हाच विचार विमानाला लावता येतो.

समजा, एकाच घडणीचे व एकाच द्रव्याचे विमान दुप्पट मोठे केले. पंखांचे क्षेत्रफळ चौपट, वजन आठपट. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर येणारा भार दुप्पट झाला. हा भार पेलण्यासाठी वेगाचा वर्ग दुप्पट व्हावा लागतो, म्हणजेच वेग १.४१ पट होतो.

आता वळण्याचा विचार करू. विमान फिरविण्यास जो विरोध होतो तो जडत्व आघूर्णातून येतो. वस्तुमान आठपट आणि अंतराचा वर्ग चौपट, म्हणून जडत्व आघूर्ण बत्तीसपट होते. एलेरॉन, एलिव्हेटर व रडर यांनी निर्माण होणारे वळविणारे आघूर्ण मात्र क्षेत्रफळ चौपट, भुजा दुप्पट व वेगाचा वर्ग दुप्पट, असे सोळापटच वाढते. सोळाला बत्तिसाने भागले असता कोनीय त्वरण निम्मे येते. दुप्पट मोठे विमान निम्म्या तडफेने वळते, ते असे.

३. अधांतरी स्थिरावण्याचा प्रश्न

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे लाठी या शहराला अपरिचित नाही. तळहातावर लाठी उभी तोलण्याचा खेळ अनेकांनी लहानपणी केला असेल. पाच फुटी लाठी थोड्या सरावाने तोलता येते. पेन्सिल मात्र कितीही सराव केला तरी तोलता येत नाही. दोहोंच्या पडण्याचा नियम एकच आहे, परंतु पेन्सिल इतक्या लवकर पडते की डोळ्याने पाहून हात हलविण्याआधीच खेळ संपलेला असतो. पडण्याच्या या काळाचे माप लांबीला गुरुत्वीय त्वरणाने भागून वर्गमूळ घेतले असता मिळते.

येथे एक गैरसमज टाळणे अगत्याचे आहे. अधांतरी उभे असलेले विमान लाठीप्रमाणे गुरुत्वामुळे उलथत नाही. लाठीला खालून हाताचा आधार असतो. विमानाच्या बाबतीत प्रोपेलरचा रेटा विमानाच्या अक्षावरच असतो आणि वजन गुरुत्वमध्यातून जाते. त्यामुळे केवळ कलल्याने उलथविणारे आघूर्ण उत्पन्न होत नाही. होते ते असे : विमान किंचित कलले की रेटाही कलतो, विमान बाजूला सरकू लागते, सरकण्यामुळे वारा कडेने लागतो आणि त्यातून कल बदलत जातो. यंत्रणा निराळी असली तरी एकाच घडणीच्या विमानांमध्ये या घटनाक्रमाचा काळ लांबीच्या वर्गमुळाप्रमाणेच बदलतो. म्हणून लाठी व पेन्सिल यांची उपमा काळापुरती खरी मानावी, कारणापुरती नव्हे.

पुढील तक्त्यात समान घडणीच्या तीन विमानांची गणिते दिली आहेत. हवेची घनता १.१ किलोग्रॅम प्रति घनमीटर धरली आहे. शक्ती आदर्श स्थितीतील आहे. प्रत्यक्षात प्रोपेलर व मोटार यांतील व्ययामुळे ती बरीच अधिक लागते. लहान विमानाचा उड्डाणवेग सेकंदाला ८ मीटर गृहीत धरून इतर वेग काढले आहेत.

तक्ता क्र. १ : समान घडणीच्या तीन विमानांची तुलना

| घटक | लहान | मध्यम | मोठे |
|---|---|---|---|
| पंखविस्तार (मीटर) | ०.६ | १.२ | २.४ |
| वस्तुमान (किलोग्रॅम) | ०.१५ | १.२ | ९.६ |
| प्रोपेलरचा व्यास (मीटर) | ०.१८ | ०.३६ | ०.७२ |
| काळाचे माप (सेकंद) | ०.२५ | ०.३५ | ०.४९ |
| प्रोपेलरच्या झोताचा वेग (मीटर प्रति सेकंद) | १०.३ | १४.५ | २०.५ |
| अधांतरी राहण्यास आदर्श शक्ती (वॅट) | ७.५ | ८५ | ९६६ |
| उड्डाणवेग (मीटर प्रति सेकंद) | ८ | ११.३ | १६ |
| गतिज ऊर्जा (ज्यूल) | ४.८ | ७७ | १२२९ |

दृश्य संकेताला प्रतिसाद देण्यास माणसाला सर्वसाधारणपणे ०.२ सेकंद लागतात. त्यात सर्व्हो मोटार फिरण्याचा वेळ मिळवावा लागतो. लहान विमानाच्या ०.२५ सेकंदांपैकी जवळजवळ सर्व अवधी यातच खर्च होतो. विद्यार्थ्याने दिलेली आज्ञा योग्य असते, पण ती पोहोचते तेव्हा विमान पुढच्या स्थितीत गेलेले असते. मग उपायच अपाय ठरतो व झोके वाढत जातात. अधिक शक्तीच्या मोटारीने हा अवधी वाढत नाही. आमचे निदान चुकले ते येथे.

४. वारा, उष्मा आणि आकार

अधांतरी अवस्थेत पुढे जाण्याचा वेग नसतो. एलिव्हेटर व रडर यांना काम करण्यासाठी मिळतो तो प्रोपेलरचा झोत. विमानाच्या आकाराप्रमाणे हा झोत बदलतो, पण मैदानावरील वारा विमानाचा आकार पाहून वाहत नाही. सेकंदाला तीन मीटर वेगाची झुळूक लहान विमानाचा झोत सुमारे १६ अंशांनी, मध्यम विमानाचा १२ अंशांनी व मोठ्याचा ८ अंशांनी कलविते. लहान विमानाला म्हणूनच बंदिस्त सभागृह मानवते. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाने सभागृहातील कसरतींसाठी एफ३पी हा स्वतंत्र वर्ग ठेवला आहे. तर मैदानावरील एफ३ए वर्गात पंखविस्तार व लांबी यांना प्रत्येकी दोन मीटरची मर्यादा असून बहुतेक विमाने त्या मर्यादेच्या जवळ जाणारी असतात.

रेनॉल्ड्स अंकाचाही येथे संबंध येतो. तक्त्यातील लहान विमानाच्या पंखाची रुंदी १५ सेंटिमीटर धरली तर हा अंक सुमारे ७० हजार, मध्यम विमानासाठी दोन लाख व मोठ्यासाठी साडेपाच लाखांवर येतो. एक लाखाच्या खाली जाड पंखावरील प्रवाह पृष्ठभागापासून सहज सुटतो व उचल एकाएकी ढासळते. लहान विमानांत सपाट, पातळ पंख वापरतात याचे एक कारण हे आहे.

वऱ्हाडातील उन्हाळ्याचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. अकोला व अमरावती येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. हिवाळ्यातील १५ अंशांच्या सकाळच्या तुलनेत त्या वेळी हवेची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी कमी असते. तेवढ्याच फेऱ्यांवर प्रोपेलरचा रेटाही तितकाच घटतो. जानेवारीत अधांतरी उभे राहणारे विमान मे महिन्यात का बसकण मारते, याचे उत्तर पुष्कळदा तापमापीत असते.

५. हवाई कसरतींमधील देवाणघेवाण

अक्षाभोवती लोळण घेण्याचा दर वेग भागिले पंखविस्तार या प्रमाणात असतो. दुप्पट मोठ्या विमानात तो १.४१ भागिले २, म्हणजे ०.७१ पट होतो. लहान विमान एका सेकंदात जी लोळण घेईल तिला मोठे १.४ सेकंद घेते. चपळता हवी असेल तर लहान विमान सरस. रेखीव, मोजून घेतलेली कसरत हवी असेल तर मोठे. शिवाय ०.६ मीटरचे विमान ६० मीटरवर जेवढे दिसते, तेवढे १.२ मीटरचे १२० मीटरवर दिसते. विमानाची दिशा ओळखण्याच्या दृष्टीने नवशिक्या चालकाला हा मोठाच दिलासा असतो.

हाच नियम व्यावसायिक संशोधनातही अनुभवास येतो. अमेरिकेच्या नासा संस्थेने प्रवासी विमानाच्या ५.५ टक्के आकाराची, वस्तुमानाची वाटणीही प्रमाणात राखलेली प्रतिकृती उडविली. या प्रमाणात तिच्या हालचाली मूळ विमानाच्या चौपटीहून अधिक जलद होतात. म्हणजे वैमानिकाने मूळ विमानात चार सेकंदांत जे करावयाचे, ते येथे एका सेकंदात करावे लागते.

इलेक्ट्रॉनिक गायरोमुळे आज यात फरक पडला आहे, हे मान्य केले पाहिजे. गायरो सेकंदाला शेकडो वेळा कल मोजून दुरुस्ती करतो. त्यामुळे तळहाताएवढे चार प्रोपेलरचे यंत्रही अधांतरी राहते. परंतु त्यामुळे नियम बदललेला नाही. माणसाच्या ०.२ सेकंदांची जागा यंत्राच्या काही सहस्रांश सेकंदांनी घेतली, एवढेच. विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने शिकावे हा हेतू असेल, तर अवधीचा प्रश्न कायम राहतो.

६. सुरक्षितता व नियम

येथवरच्या विवेचनावरून ‘मोठे तेवढे चांगले’ असा निष्कर्ष निघू शकेल. तो घातक ठरेल. आकार दुप्पट केल्याने अवधी १.४१ पट मिळतो, पण गतिज ऊर्जा वस्तुमान आठपट व वेगाचा वर्ग दुप्पट, अशी सोळापट होते. तक्त्यातील लहान विमानाची धडक हलक्या हाताने फेकलेल्या क्रिकेटच्या चेंडूएवढी आहे. मध्यम विमानाची ताशी ११० किलोमीटर वेगाच्या चेंडूएवढी. आणि मोठ्याची अशा सोळा चेंडूंएवढी. शिवाय फिरता प्रोपेलर असतोच. महाविद्यालयाच्या मैदानावर प्रेक्षक विद्यार्थी दोरीला खेटून उभे असतात, हे सर्व प्राध्यापक जाणतात.

ड्रोन नियम, २०२१ मध्ये दूरनियंत्रित विमानांचे वर्ग वजनावरून केले आहेत : २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो व २५ किलोपर्यंत स्मॉल. शिक्षण, संशोधन वा मनोरंजनासाठी नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या यंत्रांना ‘मॉडेल’ अशी स्वतंत्र संज्ञा आहे. नॅनो वर्गासाठी, तसेच मायक्रो वर्गाच्या अव्यावसायिक वापरासाठी रिमोट पायलट प्रमाणपत्राची अट या नियमांत नाही. उड्डाणक्षेत्राची बंधने मात्र सर्वांना लागू होतात. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाल्यापासून परिसरातील महाविद्यालयांनी मैदान निवडताना शासनाचा हवाई क्षेत्राचा नकाशा पाहणे अपरिहार्य झाले आहे.

७. निष्कर्ष

(१) प्रतिकृती विमान अधांतरी स्थिर ठेवण्यातील मुख्य अडचण बहुधा शक्तीची नसून अवधीची असते.

(२) आकार वाढविल्याने अवधी सावकाश वाढतो, धोका मात्र झपाट्याने वाढतो. त्यामुळे निवड टोकाची न करता मधली करावी लागते.

(३) उघड्या मैदानावर शिकण्यासाठी एक ते सव्वा मीटर पंखविस्ताराचे व दोन किलोच्या आतील विमान उचित ठरते. साठ सेंटिमीटरचे विमान सभागृहासाठी राखावे. दोन मीटरहून मोठे विमान अनुभवी चालकाच्या हातीच असावे.

(४) सराव हिवाळ्यात, वारा सुटण्यापूर्वी सकाळी करावा व रेटा वजनाच्या दीडपट आहे याची खात्री ताणकाट्यावर आधीच करून घ्यावी.

महाविद्यालयीन अंदाजपत्रकात लहान म्हणजे स्वस्त व सुरक्षित, असे समीकरण सहज मांडले जाते. सुरक्षिततेपुरते ते खरे आहे. परंतु ज्या विमानावर विद्यार्थ्याची प्रत्येक योग्य कृती उशिरा पोहोचते, त्यावर तो उड्डाण शिकत नाही. आपल्याला जमत नाही, एवढेच शिकतो. आमच्या विद्यार्थ्यांनी पुढे १.२ मीटरचे विमान बांधले आणि तिसऱ्या आठवड्यात ते काही क्षण अधांतरी उभे केले. मुले तीच होती, हातही तेच होते. विचार करण्यास त्यांना सेकंदाचा दहावा भाग अधिक मिळाला होता.