शाळा मुलाच्या दारी नेणाऱ्या अनुताई वाघ

महामंगल सुत्तात भगवान बुद्धांनी जी मंगले सांगितली आहेत, त्यांत कृतज्ञतेचीही गणना केली आहे. ज्यांनी आपले भले केले त्यांची आठवण ठेवणे हे केवळ सौजन्य नव्हे, तर धम्माचरण आहे. म्हणूनच या स्मरणिकेत आम्ही अशा एका शिक्षिकेचा गौरव करीत आहोत, जिने आदिवासी आणि दलित मुलांच्या शिक्षणासाठी आयुष्याची सत्तेचाळीस वर्षे वेचली. त्या म्हणजे कोसबाडच्या अनुताई वाघ.

अनुताई आमच्या चळवळीतल्या नव्हत्या. त्या आल्या गांधीवादी सेवाकार्याच्या वाटेने. मग आपल्या स्मरणिकेत त्यांचे नाव कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. त्यांच्या कामाची पहिली पायरी ठाणे जिल्ह्यातील एका अस्पृश्य वस्तीच्या अंगणात घातली गेली. ज्यांच्या अंगणात हे घडले त्यांनी ते विसरू नये.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांतच वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला चूल आणि कोपरा एवढेच येत असे. अनुताईंनी मात्र पाटी हाती घेतली. शिक्षिकेचे प्रशिक्षण पूर्ण करून त्यांनी चांदवडला आणि नंतर पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी केली. दिवसा शिकवायचे आणि रात्रीच्या शाळेत स्वतः शिकायचे, अशा रीतीने त्या मॅट्रिक झाल्या. १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांच्याशी त्यांची गाठ पडली आणि पुण्याची पक्की नोकरी सोडून त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या.

बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राची बालवाडी सुरू झाली, तेव्हा एक गोष्ट लवकरच लक्षात आली. बालवाडी सर्वांसाठी खुली होती, पण अस्पृश्य वस्तीतली मुले तेथे येत नव्हती. (त्या वस्तीला तेव्हा 'हरिजनवाडा' म्हणत. हा शब्द बाबासाहेबांनी कधी मान्य केला नाही, आम्हीही करीत नाही.) दार उघडे असणे आणि आत पाऊल टाकण्याची हिंमत होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगायला नको. अशा वेळी 'आम्ही शाळा काढली, तेच येत नाहीत' असे म्हणून हात झटकणारे पुष्कळ असतात. ताराबाई आणि अनुताई बालवाडी घेऊन त्या वस्तीतच गेल्या. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे, हाच तेथला पहिला पाठ. ज्या मुलांचा स्पर्श गावाला चालत नव्हता, त्यांना या बायांनी स्वतःच्या हातांनी न्हाऊ घातले. घराच्या अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हाच शब्द देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचला.

१९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा भाग आज पालघर जिल्ह्यात येतो. तेथील मुले वारली आदिवासींची. वारल्यांनी सावकार-जमीनदारांची वेठ आणि लग्नाच्या कर्जापायी पिढ्यान्पिढ्या राबवून घेणारी लग्नगड्याची पद्धत सोसली होती. तिच्याविरुद्ध १९४५ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली त्यांनी लढाही दिला होता. वेठ सुटली, पण दारिद्र्य सुटले नाही. घरची बोली वारली, पुस्तकातली मराठी परकी. शाळा हा शब्दच पाड्यावर नवा होता.

येथे अनुताईंच्या कामाचे मर्म समजून घेतले पाहिजे. मूल शाळेत का येत नाही, याचे उत्तर त्यांनी मुलात शोधले नाही, त्याच्या घरात शोधले. आई-बाप गवतकापणीला किंवा जंगलात मजुरीला जात. मग धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठी मुलगी घरी राही. तिला शाळेत आणायचे तर आधी तान्ह्या मुलाची सोय हवी. म्हणून एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा असलेली 'विकासवाडी' उभी राहिली. धाकटे पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि ताई वर्गात. मुलगा गुरे राखायला जाई. गुरे सोडून तो येऊ शकत नव्हता, म्हणून शिक्षकच साहित्याची पिशवी घेऊन कुरणात गेले. ती 'कुरणशाळा'. गुरे चरत आणि मुले शिकत.

साहित्याचेही तसेच. मॉन्टेसरी पद्धतीची महाग साधने पाड्यावर कोठून आणणार? शिंपले, खडे, बिया, पाने, बांबूच्या काड्या यांवरच मोजणी, रंग आणि आकार शिकवले गेले. मुलाला रोज दिसणाऱ्या वस्तूंतूनच विद्या येऊ लागली, तेव्हा ती त्याला परकी वाटेनाशी झाली.

१९७३ मध्ये ताराबाई गेल्या. पुढची जबाबदारी अनुताईंनी सांभाळली. त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि लगेच सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले. तेथेही विचार हाच होता. नुसती शाळा असून भागत नाही. मुलगा राहील कोठे, जेवेल काय, याचीही सोय लागते. बाबासाहेबांनी आपल्या मुलांना महाविद्यालयाच्या दारापर्यंत नेले. अनुताईंनी अगदी खालची, तीन-चार वर्षांच्या मुलाची पायरी बांधली. शिडीला दोन्ही टोके लागतात.

आज २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे. पण तो सहाव्या वर्षापासून लागू होतो. त्याआधीची वर्षे किती मोलाची असतात, हे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मान्य केले. कोसबाडला ते फार पूर्वीच उमगले होते.

सभासद बंधू-भगिनींनो, आपण दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करतो. तो करावाच. पण जो मुलगा मध्येच शाळा सोडून गेला, त्याच्या घरी आपण जातो का? आम्ही स्वतःलाच विचारतो, कारण आमच्याकडूनही हे पुष्कळदा राहून गेले आहे. वह्या वाटल्या, छायाचित्र काढले, की काम झाले असे आपल्याला वाटते. वही मिळूनही जी मुलगी येत नाही, तिच्या कडेवर धाकटा भाऊ असतो, हे अनुताईंनी पाहिले.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेक जण शिक्षक होतील, अधिकारी होतील. आपल्या वस्तीतले एक मूल आणि आपल्याहूनही मागे राहिलेल्या पाड्यावरचे एक मूल, एवढी जबाबदारी प्रत्येकाने घेतली तरी पुष्कळ होईल. दान पारमिता केवळ पैशाने पुरी होत नाही. ती वेळ आणि श्रम देऊनही पुरी करता येते.

अनुताईंच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन. जय भीम!