गोठविलेल्या भ्रूणाचे रोपण : यशाची शक्यता कशी मोजावी?

आपल्या रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात पौड, पिरंगुट, माले आणि धरण परिसरातील गावांमधून अपत्यप्राप्तीची आस घेऊन जोडपी येत असतात. प्राथमिक तपासण्या व साधे उपचार येथे होतात. टेस्ट ट्यूब बेबी पद्धतीचा अवलंब करावयाचा झाल्यास मात्र त्यांना पुणे शहरातील केंद्रांकडे जावे लागते. तेथे गेलेली कुटुंबे पुढे आमच्याकडे एक प्रश्न आवर्जून विचारतात : “आमचा गर्भ गोठवून ठेवला आहे. तो सोडल्यावर यश येण्याची शक्यता किती टक्के?” अशा उपचारांस साहाय्य करू इच्छिणारे देणगीदारही हेच विचारतात. कित्येक घरांत या एका टक्केवारीच्या भरवशावर दागिने गहाण पडतात, जमिनीचा तुकडा विकला जातो. म्हणून ही टक्केवारी कशी वाचावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करीत आहोत. वैद्यकीय निर्णय अर्थातच डॉक्टरांचा; परंतु आकड्यामागील हिशेब समजून घेण्याचा अधिकार प्रत्येक कुटुंबास आहे.

गोठविलेले भ्रूण म्हणजे काय?

स्त्रीबीज व शुक्राणू यांचे मीलन प्रयोगशाळेत घडवून आणले जाते. तयार झालेले भ्रूण साधारणतः पाच ते सहा दिवस वाढविले जातात. त्यांपैकी सुदृढ भ्रूण द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानात जतन करतात आणि योग्य वेळी गर्भाशयात सोडतात. पूर्वी गोठविण्याची क्रिया संथ गतीने होई. पेशींमध्ये बर्फाचे स्फटिक तयार होऊन बरेच भ्रूण निकामी होत. आता अतिशीघ्र गोठविण्याची पद्धत रूढ झाली असून चांगल्या प्रयोगशाळेत दहापैकी नऊहून अधिक भ्रूण या प्रक्रियेतून सुखरूप बाहेर येतात. गोठविल्यामुळे भ्रूण ‘शिळा’ होतो, ही समजूत निराधार आहे.

या विषयात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी जन्मलेली कन्या गोठविलेल्या भ्रूणापासून जन्मली होती. तत्कालीन चौकशी समितीने त्यांचा दावा मान्य केला नाही आणि १९८१ साली त्यांनी जीवनयात्रा संपविली. पुढे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या सहकार्यातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. तीच देशातील पहिली मानली गेली. मात्र १९९७ साली डॉ. आनंद कुमार यांनीच मुखोपाध्याय यांची टिपणे अभ्यासून पहिलेपणाचा मान त्यांचा असल्याचे जाहीरपणे सांगितले. यश कशास म्हणावे आणि त्याची नोंद कशी ठेवावी, हा प्रश्न या उपचारपद्धतीच्या जन्मापासूनच तिच्याबरोबर आहे.

यश कशाचे आणि कितींपैकी?

समजण्यासाठी काही आकडे गृहीत धरू. शंभर स्त्रियांच्या गर्भाशयात भ्रूण सोडले. पन्नास जणींची रक्ततपासणी सकारात्मक आली. त्यांपैकी चाळीस जणींच्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाचे ठोके दिसले. प्रत्यक्षात तेहतीस जणींच्या मांडीवर मूल आले. आता यशाचे प्रमाण ५० टक्के, ४० टक्के की ३३ टक्के? तिन्ही आकडे खरे आहेत. परंतु कुटुंबाच्या दृष्टीने तिसराच आकडा महत्त्वाचा.

जी गोष्ट अंशाची, तीच छेदाची. वरील शंभर स्त्रियांपर्यंत पोहोचण्यापूर्वी ज्यांचे एकही भ्रूण गोठविण्यायोग्य झाले नाही, अशाही स्त्रिया होत्या. उपचार सुरू केलेल्या सर्वांना हिशेबात धरले, तर टक्केवारी आणखी खाली येते. याउलट ज्यांचे भ्रूण तयार आहेत, त्यांनी तो टप्पा पार केलेला असल्याने ‘दर रोपणामागे जिवंत बाळाचा जन्म’ हे प्रमाण त्यांना लागू पडते. म्हणून केंद्राने सांगितलेला आकडा कोणत्या टप्प्यावरचा आहे, हे प्रथम विचारावे.

वय कोणते मोजावे?

यशाच्या शक्यतेवर सर्वाधिक परिणाम करणारी बाब म्हणजे स्त्रीबीजाचे वय. वाढत्या वयाबरोबर स्त्रीबीजातील गुणसूत्रांच्या संख्येत दोष निर्माण होण्याचे प्रमाण वाढते. असे भ्रूण एक तर रुजत नाहीत, अथवा रुजल्यास बहुधा गर्भपात होतो. ब्रिटनमधील नियामक संस्थेच्या २०२२ सालच्या आकडेवारीनुसार ३५ वर्षांखालील स्त्रियांमध्ये हस्तांतरित केलेल्या दर भ्रूणामागे सुमारे एक तृतीयांश वेळा बाळाचा जन्म झाला. ४३-४४ वर्षांच्या स्त्रियांमध्ये, स्वतःचे स्त्रीबीज वापरले असता, हे प्रमाण शंभरात पाचच्या आसपास उतरले.

गोठविलेल्या भ्रूणाच्या बाबतीत मात्र एक दिलासा आहे. येथे मोजावयाचे ते भ्रूण गोठविले त्या वेळचे वय. बत्तिसाव्या वर्षी गोठविलेला भ्रूण छत्तिसाव्या वर्षी सोडला, तरी शक्यता बहुतांशी बत्तिसाव्या वर्षाचीच राहते. याचे बोलके उदाहरण पुण्यातच घडले. गॅलेक्सी केअर रुग्णालयात २०१७ साली डॉ. शैलेश पुणतांबेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील पहिले गर्भाशय प्रत्यारोपण केले. एका रुग्ण स्त्रीस तिच्या आईचे गर्भाशय मिळाले, पूर्वी गोठवून ठेवलेला भ्रूण त्यात सोडण्यात आला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये कन्यारत्नाचा जन्म झाला. गर्भाशय एका पिढीने मोठे होते. स्त्रीबीज तरुण होते.

अर्थात गर्भाशयाचे अस्तर निरोगी असावे लागते. आपल्याकडे जननमार्गाचा क्षयरोग हे अस्तर खराब होण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे; त्याची शंका असल्यास रोपणापूर्वी तपासणी करून घेणे हिताचे. वय वाढल्यावर गरोदरपणातील रक्तदाब व मधुमेहाची जोखीमही वाढते. भ्रूण तरुण असला, तरी ही काळजी चुकत नाही.

एका प्रयत्नाचा नव्हे, एकूण हिशेब

दर रोपणामागे शक्यता ३० टक्के आहे आणि शंभर जोडप्यांकडे प्रत्येकी तीन भ्रूण आहेत, असे मानू. पहिल्या वेळी ३० जोडप्यांना मूल झाले. उरलेल्या ७० पैकी दुसऱ्या वेळी २१ जणांना. राहिलेल्या ४९ पैकी तिसऱ्या वेळी सुमारे १५ जणांना. म्हणजे तीन प्रयत्नांअखेर शंभरपैकी ६६ घरांत पाळणा हलला. प्रत्यक्षात प्रत्येक वेळची शक्यता समान नसते आणि अनेक जोडपी मध्येच थांबतात, म्हणून हे गणित केवळ दिशादर्शक समजावे. परंतु त्यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिला प्रयत्न फसला म्हणजे सर्व संपले असे नाही. आणि तीनदा प्रयत्न करूनही ३४ घरे रिकामीच राहतात, हेही नाकारता येत नाही. ३० टक्क्यांचे तीन प्रयत्न म्हणजे ९० टक्के हा हिशेब चुकीचा आहे.

तिन्ही भ्रूण एकदम सोडले तर काम लवकर होईल, असे अनेकांना वाटते. त्यामुळे जुळी-तिळी होऊन अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची बाळे जन्मण्याचा धोका वाढतो. नवजात अतिदक्षता विभागातील खर्च व क्लेश पाहता, शक्य तेथे एका वेळी एकच भ्रूण सोडावा, हे मत आता जगभर मान्य होत आहे.

कायदा आणि कुटुंबाचा हक्क

सहायक जननतंत्रज्ञान नियमन कायदा २०२१ साली संमत झाला. त्यानुसार केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. यशाची शक्यता, फायदे-तोटे, धोके व खर्च यांची माहिती जोडप्यास देणे हे केंद्राचे कर्तव्य आहे. भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षे जतन करता येतो. मुलगा-मुलगी निवडण्यास सक्त मनाई आहे. उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय २१ ते ५० व पुरुषाचे २१ ते ५५ या मर्यादेत असावे लागते.

केंद्रात जाताना पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत :

१. सांगितलेली टक्केवारी जिवंत बाळाच्या जन्माची आहे काय?
२. ती आमच्या वयोगटाची व याच केंद्राची आहे काय?
३. आमचे किती भ्रूण, कोणत्या वयात व कोणत्या दिवशी गोठविले? त्यांची प्रत कशी आहे?
४. सुचविलेल्या जादा तपासणीने वा उपचाराने बाळाच्या जन्माची शक्यता वाढते, हे सिद्ध झाले आहे काय?
५. जतनाचे वार्षिक शुल्क आणि पुढील प्रयत्नाचा खर्च किती?

शेवटी दोन शब्द. कुटुंबीयांस विनंती अशी की, रोपण अयशस्वी झाल्यास सुनेला बोल लावू नये. ती पुरेशी पडून राहिली नाही, जिना चढली, कामाला गेली, म्हणून भ्रूण रुजला नाही असे होत नाही; आणि अपत्यहीनतेच्या कारणांत पुरुषाचाही मोठा वाटा असतो. देणगीदार व विश्वस्त महोदयांस विनंती अशी की, अशा उपचारास साहाय्य करताना ते एका प्रयत्नापुरते न ठेवता सर्व भ्रूणांचा विचार करून ठरवावे. ज्या घरात मूल आले नाही, तेथेही आपला पैसा वाया गेला असे आम्ही मानत नाही. त्या जोडप्याला जमीन न विकता, कर्जात न बुडता, संपूर्ण माहितीनिशी प्रयत्न करता आला, ही देखील रुग्णसेवाच होय.